पूर्वेचा सांधा

आबांच्या तोंडात गुलाबी लगदा भरला होता आणि तीन मिनिटं अजिबात हलायचं नाही, असं हळब्यांनी त्यांना दोनदा बजावलं होतं. तरी आबा खुर्चीतून उठले.

"अहो, बसा, बसा! कवळीचं माप बिघडेल!" हळबे घड्याळ हातात घेऊन त्यांच्यामागे धावले. मीही धावले. आबांच्या ओठांतून मापाच्या साच्याची दांडी बाहेर आलेली, गळ्यात टॉवेल, हनुवटीवरून लाळ चाललेली. पण त्यांचं कशाकडे लक्षच नव्हतं. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. ते त्यांनी पायाने ढकललं आणि आत जाऊन उभे राहिले.

आत टेबलावर आमचं स्टेशन होतं.

"किती मिनिटं झाली?" मी विचारलं.

"सव्वादोन," हळबे म्हणाले. मग आबांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. "राहू द्या. बघू द्या त्यांना."

ही एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तालुक्याच्या कन्याशाळेत गणित शिकवत होते. आबा म्हणजे माझे वडील, तुळशीराम वाकळे. लहान गाडीच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या आगगाडीच्या, फाट्यावर सांधेवाले म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. रूळ जिथे फुटतात तिथला खटका ओढून गाडीला या किंवा त्या रुळावर घालायचं, हे त्यांचं काम. कुसुंबी रोड स्टेशनच्या क्वार्टरमध्ये माझा जन्म झाला आणि नऊ वर्षांची होईपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. पुढे लहान गाडी बंद पडली, रूळ उखडून नेले, स्टेशन पाडून त्या जागी सिमेंटचं गोदाम उभं राहिलं. ते स्टेशन एका कवळ्या बनवणाऱ्याच्या मागच्या खोलीत पुन्हा भेटेल असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आणि काय भेटलं म्हणून सांगू! पिवळी भिंत, लाल कौलं, तिकिटाची खिडकी, खिडकीला मोजून पाच गज. कौलं दातांच्या मेणाची होती, कवळी कोरायच्या हत्याराने एकेक कापून बसवलेली. तीनशे बारा. हा आकडा हळब्यांनीच सांगितला, विचारावा लागला नाही. रूळ म्हणजे कवळी अडकवायची तार. स्लीपर म्हणजे काडेपेटीच्या काड्या. पाण्याची टाकी इंजेक्शनच्या बाटलीच्या झाकणाची, लिंबाचं झाड घोसाळ्याच्या वाळक्या जाळीचं. रुळांखालची खडी बारीक, राखाडी, अगदी खऱ्यासारखी पसरलेली. मी वाकून बघायला लागले.

"खसखस आहे ती," दारातून आवाज आला. हळब्यांच्या पत्नी शकूवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "दिवाळीत अनारसे थापायला घेतले आणि बघते तर डबा रिकामा. म्हटलं, अर्धा किलो खसखस गेली कुठे? तर म्हणे, स्टेशनात."

हळबे ओशाळं हसले. पंचावन्न-छपन्नचे असतील, अंगाने किरकोळ, बोटांवर कायम प्लास्टरचा पांढरा थर. कवळीचं काम शिकत असताना ते दर शनिवारी या लहान गाडीने घरी जायचे. स्टेशन पाडणार असं कळल्यावर मेहुण्याला घेऊन गेले आणि चार दिवस टेप लावून सगळं मोजून आले. त्यानंतर पाच वर्षं रोज दुकान बंद केल्यावर दोन तास हेच. खऱ्या शंभर फुटांना इथे एक फूट.

आबा क्वार्टरपाशी वाकले होते. क्वार्टरच्या दारात मुगाच्या दाण्याएवढा डबा होता आणि डब्यात हिरवा ठिपका.

"तुळस," हळबे म्हणाले. "मी गेलो तेव्हा डालड्याचा डबा तिथेच होता. आत नुसत्या काड्या उरल्या होत्या. मी हिरवी केली."

तो डबा माझ्या आईचा होता. आईला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. आबांनी तोंडातला साचा स्वतःच उपटून काढला, हळब्यांच्या हातात दिला आणि धोतराच्या सोग्याने आधी तोंड पुसलं, मग डोळे.

"डाक्तर," ते बोळक्या तोंडाने म्हणाले, "तुमी देवमानूस हाव."

"डॉक्टर नाही हो, कवळीवाला," हळबे म्हणाले. आबांना ते शेवटपर्यंत हे सांगत राहिले आणि आबा शेवटपर्यंत डाक्तरच म्हणत राहिले.

मग आबांनी एकेक वस्तू ओळखायला सुरुवात केली. ह्यो नळ. ही घंटा, रुळाच्या तुकड्याची. ह्यो मास्तरचा बाक. लहान मूल खाऊ बघतं तसे बघत होते. बोलता बोलता त्यांचं बोट पश्चिमेच्या सांध्यावर आलं, तिथून रुळावरून सरकत सरकत पूर्वेच्या सांध्यावर गेलं आणि थांबलं. परत मागे आलं. पुन्हा गेलं.

"हे लई जवळ हाय," ते म्हणाले.

"हं, ते अंतर आखडून घेतलंय," हळबे म्हणाले. "हा छंद असणारे सगळेच घेतात. इमारती मापात करायच्या आणि मधली मोकळी जागा थोडी गिळायची. टेबल सात फुटांचं, करणार काय? डोळ्याला कळत नाही."

"डोळ्याला न्हाई कळत," आबा म्हणाले. "पायाला कळतंय."

ते खोलीतून बाहेर पडले, चप्पल घातली आणि मला म्हणाले, "कौसे, चल." चहा तसाच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकं कुणी जीव ओतून केलेलं दाखवावं आणि आपल्या माणसाने खोट काढून चालू लागावं!

आठ दिवसांनी मेणात बसवलेले दात लावून बघायला गेलो. आबांनी तोंड उघडलं, चावलं, मान हलवली, पण आतल्या खोलीकडे पाहिलंही नाही. काम झाल्यावर बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. हळबे माझ्याकडे आले.

"बाई, माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो," मी म्हणाले. "जुनी गोष्ट आहे. कशाला उगाच."

"तरी सांगा."

मी सांगितलं. एकाहत्तर सालची संध्याकाळ. एक मालगाडी पश्चिमेला काढून देऊन आबा पश्चिमेच्या सांध्यावर उभे होते. पूर्वेकडून पॅसेंजर यायची होती. जोडीचा सांधेवाला रजेवर, त्यामुळे दोन्ही टोकं आबांकडेच. तेवढ्यात बाजूच्या रुळावर उभे असलेले कापसाचे दोन डबे उतारावरून आपोआप पूर्वेकडे घरंगळायला लागले. मास्तरांनी बघितलं आणि घंटा बडवली. पूर्वेचा खटका ओढला असता तर डबे वाळूच्या ढिगात शिरून थांबले असते. ओढला गेला नाही. डबे मुख्य रुळावर आले, पॅसेंजरच्या इंजिनावर आपटले आणि इंजिनातला फायरमन गेला. बत्तीस वर्षांचा माणूस.

चौकशी झाली. आबांची पगारवाढ थांबली, बदली झाली. कागदावर एकच ओळ होती: सांधेवाला वाकळे वेळेत सांध्यावर पोहोचला नाही. ओळ खरीच होती. पुढचं लोकांनी आपल्या मनाने भरलं. बिडी ओढत बसला होता म्हणे, म्हणून पोहोचला नाही. तेवढ्याशा स्टेशनात पोहोचायला लागतं किती? नव्या गावातही ती गोष्ट आमच्या आधी जाऊन पोहोचली आणि शाळेत पोरी मला बसक्याची पोर म्हणायला लागल्या.

"आणि ते काय म्हणतात?" हळब्यांनी विचारलं.

"म्हणतात, मी पळालो होतो. म्हणायचे. आता कित्येक वर्षांत बोलले नाहीत."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी नऊ वर्षांची होते," मी म्हणाले. हे काही उत्तर नव्हतं. ते त्यांनाही कळलं आणि मलाही.

हळब्यांनी हातातले मेणाचे दात खाली ठेवले. "त्यांच्या हातात वेळ किती होता?"

"घंटा झाल्यापासून डबे सांध्यावर येईपर्यंत साधारण एक मिनिट. कागदात आहे."

"आणि अंतर?"

"ते कुठे लिहिलेलं नाही."

"बाई," हळबे म्हणाले, "तुम्ही गणित शिकवता ना?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला रागावता तरी आलं असतं. त्यांनी कपाटातून एक वही काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सांध्यापासून सांध्यापर्यंत, चौदाशे वीस फूट.

"आणि मी त्याचे सातशे केले," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात वाचनालयात प्रदर्शन आहे. सगळा तालुका येणार. पोस्टरं छापून झालीत माझ्या नावाची. म्हणजे मी काय करणार होतो बघा. लोकांना बोलावून दाखवणार होतो, की एवढंसं तर अंतर, आणि हा माणूस पोहोचला नाही."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"मला चौदाशे वीस माहीत होतं," हळबे म्हणाले.

मला शाळा गाठायची होती. आबांना मी सोडते घरी, तुम्ही जा, असं शकूवहिनी म्हणाल्या. पण शेवटी हळब्यांनीच त्यांना स्कूटरवरून घरी आणून सोडलं. तेही तीन तासांनी. एवढा वेळ काय करत होतात, असं विचारल्यावर आबा म्हणाले, "बोलत व्हतो." पुढे काही सांगितलं नाही.

कवळी तयार झाल्याचा निरोप यायला तीन आठवडे लागले. आम्ही गेलो तर दार शकूवहिनींनी उघडलं. त्यांच्या केसांवर विटांची लाल भुकटी होती.

"या," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरातून याल की स्टेशनातून? आता दोन्ही एकच झालंय."

हळब्यांनी भिंत फोडली होती. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली सहा इंची भिंत, त्यात वीतभर उंचीचं भोक. टेबल भिंतीला नेऊन टेकवलं होतं आणि रूळ त्या भोकातून पलीकडे गेले होते. पलीकडे ओट्याच्या वर फळी ठोकून, मसाल्याच्या डब्यांना वळसा घालून, पिठाच्या डब्याच्याही पुढे, सगळ्यात शेवटी पूर्वेचा सांधा. मधलं माळरान नव्याने केलेलं, बाभळी नव्या, खसखस नवी. सांध्यापासून सांध्यापर्यंत चौदा फूट अडीच इंच. आता हे काही घराबाहेर निघणार नव्हतं.

"आणि प्रदर्शन?" मी विचारलं.

"नाही म्हणून कळवलं," हळबे म्हणाले, जणू दुधवाल्याला आज दूध नको म्हणून सांगितलं होतं.

"पाच वर्षं वाट बघत होते त्या प्रदर्शनाची," शकूवहिनी म्हणाल्या. "आणि मी ओट्यावर पोळ्या लाटायच्या कुठे, ते विचारा आता." पण फळीवरची धूळ त्या पदराने पुसत होत्या.

हळब्यांनी आधी आबांच्या तोंडात कवळी बसवली. आबांनी दोन-तीनदा दात मिटून बघितले. मग हळब्यांनी चिमट्याने एक वस्तू उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि भिंग दिलं. पाऊण इंचाहूनही लहान माणूस होता तो. धोतर, निळा कोट, डोक्याला मुंडासं, एक हात पुढे, एक मागे. पळत होता. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी.

"आबांच्या कवळीचा उरलेला माल," हळबे म्हणाले. "चप्पल टाकीपाशी निघाली होती म्हणे. ते मला त्या दिवशी त्यांनी सांगितलं."

मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"बाई, तुम्ही पळवा यांना," हळबे म्हणाले. "सेकंदाला दीड इंच. म्हणजे खऱ्यात साडेबारा फूट. सपाट मैदानावर चांगल्या पळणाऱ्याचा वेग धरलाय, खडीचा आणि स्लीपरचा हिशोब सोडून दिलाय. रुळाच्या कडेने खुणा केल्यात. मी आकडे मोजतो. डबे शकू ढकलेल, पलीकडून."

"मी तयार आहे," भिंतीपलीकडून शकूवहिनी म्हणाल्या.

आबा टेबलाच्या पश्चिमेच्या टोकाला उभे राहिले. हळब्यांनी प्लास्टर सुकवायचं घड्याळ एका मिनिटावर लावलं, टेबलावरची इवलीशी घंटा नखाने वाजवली आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. मी चिमट्यात धरलेला माणूस एकेक खूण पुढे नेत होते. मास्तरांची खोली गेली. बाक गेला. वीस, एकवीस. टाकी गेली. कुठेतरी माझ्या मनात होतं की पोहोचेल. खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला तसंच वाटत होतं, आणि पोहोचला तर आबांच्या तोंडाकडे कसं बघायचं, याची मला धास्ती होती. चाळीस. क्वार्टर आणि तुळस गेली. पन्नास. प्लॅटफॉर्म संपला. छप्पन्नला टेबल संपलं. माझा हात भिंतीच्या भोकात शिरला आणि पुढचं मला दिसेना. सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

घड्याळ वाजलं.

"आले!" पलीकडून शकूवहिनींचा आवाज आला. "डबे आले सांध्यावर!"

माणूस भिंतीच्या आत होता. मी तशीच उभी राहिले, मनगटापर्यंत हात भिंतीत. डोक्यातलं गणित मात्र आपोआप होत होतं. जुन्या टेबलावर सात फूट, सेकंदाला दीड इंच, छप्पन्न सेकंद. त्या टेबलावर आबा पोहोचले असते, वर चार सेकंद उरले असते. तीस वर्षं माझ्या डोक्यात जे स्टेशन होतं, ते त्या जुन्या टेबलाएवढंच होतं. खरं स्टेशन अजून पावणेसात फूट पुढे जात होतं, ओट्यावरून, मसाल्याच्या डब्यांवरून.

मी हात बाहेर काढला आणि आबांकडे वळले.

"आबा, मला वाटायचं तुम्ही बसला होतात," मी म्हणाले. "सगळी वर्षं मला तसंच वाटायचं."

"ठावं हाय मला," आबा म्हणाले.

नव्या दातांतून आलेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. किती वर्षांनी त्यांचा शब्द असा स्वच्छ ऐकू आला होता. ते जवळ आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझी आय म्हनायची, पोरीला सांगा, पोरीला सांगा. म्या म्हनायचो, तिला सांगून न्हाई भागायचं. तिला आकडा लागतोय. आन् आकडा माझ्याकडं न्हवता."

मी रडले. शहाणीसुरती चाळिशीला आलेली बाई, परक्याच्या घरात ढसाढसा रडले. शकूवहिनी पाणी घेऊन आल्या. हळबे भिंतीकडे तोंड करून भोकाच्या कडा उगाचच चाचपत राहिले. त्या माणसाचं मी काय देणं लागत होते, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. पाच वर्षांचं काम आणि स्वतःच्या घराची भिंत त्याने माझ्या बापाच्या एका वाक्यासाठी फोडली होती, आणि आता आभार मानावे लागू नयेत म्हणून तो आमच्याकडे पाठ करून उभा होता.

"आबा, हे चिकटवायचे कुठे?" थोड्या वेळाने हळब्यांनी विचारलं. त्यांच्या चिमट्यात तो पळणारा माणूस होता. "पूर्वेच्या सांध्यावर लावू का? खटक्याला हात घातलेला? तुम्ही म्हणाल तसं."

आबांनी फार विचार केला नाही.

"न्हाई डाक्तर," ते म्हणाले. "तितं म्या गेलोच न्हाई येळंत. त्यो इंजिनावरचा पोरगा गेला, ते खोटं न्हाई व्हत. हितंच लावा. भित्तीत."

पण हळब्यांनी तो चिकटवला नाही. कारण वाचनालयातलं प्रदर्शन हुकलं तरी लोक यायचे राहिले नाहीत. घरीच येऊ लागले. लहान गाडीने शाळेला गेलेले, त्या स्टेशनावर भजी खाल्लेले, कुसुंबीची म्हातारी माणसं. आबांना नावं ठेवलेलीही त्यांत बरीच होती. हळबे कुणाला काही सांगत नसत. स्टेशन दाखवून झालं की आलेल्याच्या हातात चिमटा द्यायचे आणि म्हणायचे, "जरा पळून बघा." काहींनी मुद्दाम जास्तीचे पंधरा सेकंद मागितले. हळब्यांनी दिले. तेही लोक मसाल्याच्या डब्यांपर्यंतच गेले.

आबा पुढची सहा वर्षं होते. दर रविवारी हळब्यांकडे जायचे आणि स्वयंपाकघरात, पूर्वेच्या सांध्याखाली स्टूल टाकून बसायचे, हातात चहाची बशी. पलीकडे आकडे सुरू झाले की मान वर करून भोकाकडे बघत राहायचे. साठ झाले, घड्याळ वाजलं, की उठून आलेल्या माणसाला स्वतः चहा नेऊन द्यायचे.

आता हळबेही नाहीत. शकूवहिनींनी भोक बुजवलेलं नाही. मी जाते अधूनमधून आणि चिमटा हातात घेते. एकवीस वर्षांत कितीतरी लोक पळाले. वेळेत सांध्यावर कोणीही पोहोचलेलं नाही.